पाच ताऱ्यांचा हातगुण

मराठी माणूस डॉक्टरविषयी बोलू लागला, की त्याच्या पदव्यांविषयी क्वचितच बोलतो. तो त्याच्या हाताविषयी बोलतो. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’, ‘हाताला यश आहे’ असे चारचौघांत एकदा म्हटले गेले, की त्या डॉक्टरच्या दारात चपलांची रांग लागते. हा हातगुण म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कोणी केली नाही आणि तशी गरजही कोणाला भासली नाही. निदान, औषध, धीर देण्याची हातोटी, फी आणि थोडेसे दैव यांचे मिळून झालेले ते एक रसायन होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तीनचार पिढ्यांनी आपले डॉक्टर निवडले, ते या हातगुणाच्या वार्तेवर. ही वार्ता एस. टी.च्या बाकावर, आठवडेबाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि शाळेतील शिक्षकांच्या खोलीत फिरत असे. आज ती मोबाइलच्या पडद्यावर फिरते. हातगुणाला आता तारे लागले आहेत, एकापासून पाचांपर्यंत.

वरवर पाहता हा बदल केवळ माध्यमाचा आहे. पूर्वी शेजारी सांगत असे, आता अनोळखी माणूस सांगतो. पूर्वी पाच जणांचे मत कळे, आता पाचशे जणांचे कळते. अधिक माणसांचे मत म्हणजे अधिक भरवशाचे मत, हा हिशोब शाळकरी मुलालाही पटावा. प्रस्तुत लेखकालाही तो पटलेला होता. परंतु गेल्या वर्षी घरातच एक प्रसंग घडला आणि या हिशोबात कोठेतरी हातचा घ्यायचा राहून गेला आहे, हे ध्यानात आले.

माझी थोरली बहीण कोरेगाव तालुक्यात राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास. जेवणानंतर जळजळ होते म्हणून तिची सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे आहेत असे निघाले. साताऱ्यातील ज्या डॉक्टरांकडे ती वीस वर्षे जाते, त्यांनी रिपोर्ट पाहून सांगितले, ‘‘खडे आहेत, पण जळजळ खड्यांची नाही. ते गप्प बसले आहेत, त्यांना गप्प बसू द्या. पोटात कळ आली, ताप आला, तर लगेच या.’’ अक्काचे समाधान झाले. पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाचे झाले नाही. खडे दिसत असताना डॉक्टर काहीच करीत नाहीत, ही गोष्ट त्याला खटकली. त्याने मोबाइल उघडला. साताऱ्याच्या डॉक्टरांना साडेतीन तारे होते. ‘दोन तास बसवून ठेवतात’, ‘फारसे बोलत नाहीत’, ‘अशक्तपणा असूनही सलाईन लावले नाही’ असे शेरे त्याखाली होते. सांगली-मिरज परिसरातील एका रुग्णालयाला मात्र चार पूर्णांक नऊ दशांश तारे होते आणि शेकडो लोकांनी त्याची स्तुती केलेली होती. ‘‘मामा, साडेतीनवाल्याच्या भरवशावर आईला ठेवायचे का?’’ असे त्याने मला विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अक्का मिरजेच्या गाडीत बसली. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली, उत्तम झाली. खोली स्वच्छ होती, परिचारिका गोड बोलत होत्या, तिसऱ्या दिवशी घरी सोडले. बँकेतील मुदतठेव मोडावी लागली, एवढेच. निघताना काउंटरवरील मुलीने काळ्या-पांढऱ्या चौकटीचा एक फलक पुढे केला आणि भाच्याने तेथल्या तेथे पाच तारे देऊन टाकले. त्याने काही खोटे केले असे मी म्हणणार नाही. त्याला जे दिसले ते सर्व चांगलेच होते. अक्काची जळजळ अजून आहे. पण मुद्दा तोही नव्हे. ही शस्त्रक्रिया आवश्यक होती काय, हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता आणि तो कोणत्याही ताऱ्यात मावत नाही. त्याचे उत्तर अक्काला ठाऊक नाही, भाच्याला नाही आणि मलाही नाही. तरीही आमच्या घरातून पाच तारे गेले आणि उद्या कोणीतरी ते मोजील.

डॉक्टरची कीर्ती ऐकून दूरवरून माणसे येणे ही या भागाला नवीन गोष्ट नाही. किंबहुना मिरजेचा सगळा वैद्यकीय इतिहासच त्यावर उभा आहे. कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, तोपर्यंत संस्थानी राज्यातील हे लहानसे गाव शस्त्रक्रियेसाठी सर्वदूर ओळखले जाऊ लागले होते. कृष्णाकाठच्या खेड्यांतून, कानडी मुलखातून रोगी तेथे येत. आजही मिरज जंक्शनवर उतरणाऱ्यांत हातात एक्स-रेचे पाकीट धरलेली कानडी कुटुंबे दिसतात. सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. एका डॉक्टरचे नाव वस्तीला पडावे, याहून मोठा अभिप्राय तो कोणता?

परंतु वानलेस यांची कीर्ती पसरली कशी, हे पाहण्यासारखे आहे. ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले होते. हात धरून नेलेला आंधळा म्हातारा स्वतःच्या पायांनी, कोणाचा आधार न घेता गावात परत आला, तर सारे गाव साक्षीला असे. येथे अभिप्राय देणारा माणूस ओळखीचा होता, त्याचा आजार सर्वांना माहीत होता आणि उपचाराचा परिणाम उघड्या डोळ्यांनी, नव्हे, उघडलेल्या डोळ्यांनीच दिसत होता. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे लोकवार्ता हे खरोखरच चांगले मोजमाप ठरते. मोतीबिंदू, मोडलेले हाड, अडलेले बाळंतपण यांत रोग्याला स्वतःला फरक कळतो.

पण रक्तदाबाचे काय? मधुमेहाचे काय? रक्तदाबाची गोळी योग्य दिली, तर रोग्याला काहीच जाणवत नाही. जे घडत नाही तेच त्या डॉक्टरचे यश असते. दहा वर्षांनंतर न झालेल्या अर्धांगवायूबद्दल कोणी कोणाला तारे दिलेले नाहीत. सांगलीच्या बाजारात हळद घेणारा व्यापारी हळकुंड मोडून त्याचा रंग आणि वास पाहतो आणि मगच भाव बोलतो. तासगावचा बेदाणा तळहातावर घेऊन, दाताखाली धरून त्याची परीक्षा होते. वैद्यकीय सल्ला असा मोडून पाहता येत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांना पुढे १९७२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेवर एक निबंध लिहिला, त्याचे सार हेच आहे. वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि सेवा घेतल्यानंतरही ते पुरतेपणी कळत नाही. म्हणून येथे बाजाराचे नेहमीचे नियम लंगडे पडतात आणि त्यांची जागा विश्वासाला घ्यावी लागते. ताऱ्यांची पद्धत मात्र डॉक्टरला हॉटेल आणि चपलेच्या दुकानाच्या रांगेत बसवून मोकळी झाली आहे.

याचा अर्थ असा नव्हे, की जुनी व्यवस्था सोन्याची होती. ती तशी होती असे मानणाऱ्यांनी ‘कट’ हा शब्द आठवावा. गावातला डॉक्टर चिठ्ठी देई आणि रोगी ती घेऊन मोठ्या रुग्णालयात जाई. त्या चिठ्ठीमागे विद्वत्तेचा आदर होता, की बिलातील टक्केवारी, हे रोग्याला कधी कळत नसे. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांच्याच तोंडून या व्यवसायाचे जे चित्र मांडले, ते वाचल्यावर कोणाही सुज्ञाची झोप उडावी. राज्य शासनाने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करविला. कायदा मात्र झाला नाही. ज्या रोग्याला शेजारी नाही, नात्यात कोणी डॉक्टर नाही, आणि चिठ्ठीवर ज्याचा विश्वास उरलेला नाही, त्याने मोबाइलवर चार अनोळखी माणसांचे म्हणणे वाचले तर त्याला हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे बायकांना डॉक्टरांच्या उर्मटपणाविषयी कोठेही तोंड उघडता येत नसे, ते आता उघडता येते, हीही लहान गोष्ट नव्हे. ‘तपासताना दार लावले नाही’, ‘प्रश्न विचारला तर ओरडले’ असा शेरा एखाद्या मुलीने लिहिला, तर तिला दिसलेले सत्य तिने सांगितले आहे आणि ते दुसऱ्या मुलीच्या उपयोगाचे आहे. वागणूक, स्वच्छता, वेळ, बिलाची पावती या बाबतींत रोग्याइतका जाणता परीक्षक दुसरा नाही.

घोटाळा होतो तो याच्या पुढच्या पायरीवर. वागणुकीचे तारे उपचाराचे तारे म्हणून वाचले जातात. अमेरिकेत हा प्रकार आपल्या आधी सुरू झाला, म्हणून तेथील अभ्यासही आधी झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २,१३७ लोकांना विचारले असता, डॉक्टर निवडताना असे तारे आपल्याला महत्त्वाचे वाटतात, असे ५९ टक्क्यांनी सांगितले. दुसऱ्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील एका मोठ्या रुग्णालयातील ७८ तज्ज्ञांचे तारे त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंचा मेळ बसला नाही. आणि २०१२ चा अभ्यास तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. सुमारे ५२ हजार प्रौढांच्या नोंदींत असे दिसले, की आपल्या डॉक्टरवर सर्वांत अधिक संतुष्ट असलेल्या लोकांचा औषधांवरचा खर्च अधिक होता, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अधिक होते आणि पुढील काळात त्यांच्यात मृत्यूचा धोका सर्वांत असंतुष्ट गटाहून २६ टक्क्यांनी अधिक होता. संतोषाने माणसे मेली, असा निष्कर्ष यावरून काढणे अर्थातच चुकीचे ठरेल. संशोधकांनीही तो काढलेला नाही. परंतु रोग्याचा संतोष आणि रोग्याचे हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे समजण्यास तो अभ्यास पुरेसा आहे.

अमेरिकेचे कशाला? आपल्याकडील सलाईनचेच पाहा. माझे एक स्नेही तासगाव तालुक्यातील एका खेड्यात तीस वर्षे दवाखाना चालवितात. सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक द्यायचे नाही, चालत आलेल्या आणि जेवू शकणाऱ्या माणसाला सलाईन लावायचे नाही, असा त्यांचा नियम आहे. वैद्यकशास्त्र त्यांच्या बाजूचे आहे, गाव नाही. द्राक्षबागेत फवारणी करून दमलेल्या मजुराला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. ‘एक बाटली लावा, ताकद येईल’ अशी त्याची मागणी असते. ती नाकारली, की तो पलीकडच्या गल्लीतील दवाखान्यात जातो. पूर्वी तो निदान गुपचूप जात असे. आता त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर लिहितो, ‘डॉक्टरांना अनुभव नाही, पेशंट तसाच परत पाठवला.’ एक तारा. माझे स्नेही मला म्हणाले, ‘‘बाटली लावायला मला दहा मिनिटे लागतात आणि ती का नको, हे समजावून सांगायला वीस. पैसे बाटलीचे मिळतात, आता तारेही बाटलीचेच मिळतात.’’ त्यांच्या दवाखान्यात अलीकडेच आलेल्या तरुण सहकाऱ्याला हा नियम फार काळ पाळता येईल, असे त्यांना वाटत नाही. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे.

प्रतिजैविकांचा अतिवापर झाला, की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हे आता शाळेच्या पुस्तकातले ज्ञान झाले आहे. पण ज्याने ते नाकारले त्याची किंमत उतरते आणि ज्याने खिरापतीसारखे वाटले त्याची चढते, अशी व्यवस्था आपण आपल्याच बोटांनी, कोणाचीही सक्ती नसताना, उभारीत आहोत.

आणि लोकांना जे हवे ते बेकायदा असेल तर? मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एका विवाहित स्त्रीचा गर्भपाताच्या वेळी मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या तपासात गावच्या ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालविणाऱ्याची पदवी होमिओपॅथीची होती. तपास पुढे कर्नाटकातही पोहोचला. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. अशा दवाखान्याची जाहिरात करता येत नाही, त्याला तारेही लागत नाहीत. तरीही लांबलांबच्या गावांतील कुटुंबांना त्या दाराचा पत्ता माहीत होता. हा पत्ता एका घराने दुसऱ्या घराला, विश्वासाने, ‘काम खात्रीने होते’ अशा शब्दांत सांगितला असला पाहिजे. त्या लोकवार्तेने निवाडा केला, तो डॉक्टरच्या लायकीचा नव्हे; आपल्याला हवे ते हा माणूस करतो की नाही, याचा. रोग्यांचे समाधान हाच डॉक्टरचा अंतिम निकष असे जो मानतो, त्याला म्हैसाळचे काय करायचे हे सांगावे लागेल.

आता खुद्द ताऱ्यांच्या खरेपणाकडे वळू. गुगलने २०२३ या एका वर्षात नियमांचा भंग करणारे १७ कोटींहून अधिक अभिप्राय अडविले किंवा काढून टाकले, असे त्या कंपनीनेच जाहीर केले होते. हे अर्थात जगभरातील सर्व धंद्यांचे मिळून. पकडले गेले ते एवढे. सुटले किती, हा हिशोब कोणाजवळ नाही. ‘तुमचे तारे वाढवून देतो’ असे फोन आपल्याला येतात, हे लहान शहरांतील डॉक्टरही सांगतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक जाहीर केले. अभिप्राय विकत घेऊ नयेत, लिहिणाऱ्याची ओळख पडताळावी अशा त्यातील सूचना शहाणपणाच्या आहेत. ते लागू झाले ते मात्र ऐच्छिक म्हणून, आणि आपल्याकडे ऐच्छिक या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या बाबतीत तर याहून मौज झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता काढली. डॉक्टरांनी रोग्यांकडून प्रशस्तिपत्रे मागू नयेत, आपले नाव यादीत वर यावे म्हणून पैसे मोजू नयेत, असे तीत स्पष्ट म्हटले होते. त्याच महिन्यात ती संहिता स्थगित झाली. कारणे दुसरी होती; औषधे मूळ नावाने लिहून देण्याच्या कलमावरून गदारोळ उठला होता. पण ओल्याबरोबर सुकेही जळाले. जुनी संहिता २००२ ची आहे. डॉक्टरने जाहिरात करून रोगी मिळवू नयेत, असे ती सांगते. मोबाइलवरील ताऱ्यांविषयी ती काय सांगणार, त्या वेळी ते उगवलेलेच नव्हते.

त्या संहितेतील दुसरे एक कलम मात्र येथे आडवे येते. रोग्याचे गुपित डॉक्टरने उघड करायचे नाही. कलम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की ‘यांच्या औषधाने माझी आई अधिकच आजारी पडली’ असे कोणी जगजाहीर लिहिले, तर ‘बाई, तुमच्या आईंनी साखरेच्या गोळ्या तीन महिने बंद ठेवल्या होत्या’ असे उत्तर त्या डॉक्टरला देता येत नाही. आरोप चव्हाट्यावर आणि बचाव ओठांत, असा हा एकतर्फी खटला आहे. रोग्याला दाद मागण्याचा मार्ग नाही अशी स्थिती असती, तर हा अन्यायही एक वेळ सोसता आला असता. पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला, त्याला तीन दशके झाली. ग्राहक आयोगात दोन्ही बाजू ऐकल्या जातात, कागद पाहिले जातात. तेथे वर्षे लागतात आणि एक तारा देण्यास एक क्षण लागतो, म्हणून लोक क्षणाचा मार्ग धरतात. त्यांना तरी काय म्हणावे!

शिक्षक वाचकांनी स्वतःच्या पेशाशी हे ताडून पाहावे. वर्गातील मुलांनी गुरुजींना तारे द्यायचे ठरविले, तर गृहपाठ न देणारा गुरुजी पहिला येईल आणि गणित घासून घेणारा शेवटचा. पंचवीस वर्षांनंतर तीच मुले त्या शेवटच्या गुरुजीच्या पाया पडतील. रुग्णालयात अभिप्राय घेतात तो घरी सोडण्याच्या दिवशी, सुटकेच्या आनंदात. टाके पिकले की नाही, वर्षाने दुखणे उलटले की नाही, हे विचारायला कोणी येत नाही. जत, आटपाडी किंवा माण तालुक्यातून येणारा, उसनवारीने बिल भरणारा माणूस तर या मोजदादीत नाहीच. तो लिहीत नाही. त्याच्यासाठी डॉक्टर निवडतो तो पुण्या-मुंबईत असलेला मुलगा किंवा पुतण्या, आणि तो निवडतो ते त्याच्यासारख्याच लोकांनी लिहिलेले वाचून. अक्काच्या बाबतीत हेच झाले. तिच्या वीस वर्षांच्या अनुभवापेक्षा परक्यांच्या चारशे ओळी वजनदार ठरल्या.

मग रोग्याने करावे काय? त्याला खरी माहिती मिळत नाही, म्हणून तो तारे मोजतो. तेव्हा त्याला दोष देत बसण्यापेक्षा माहिती कोणाजवळ आहे, ते पाहिले पाहिजे. काही गोष्टी आजही पाहता येतात आणि आपण पाहत नाही. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे आणि चिठ्ठीवरही, असा नियम आहे; तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत आहे की नाही, हे त्याच मोबाइलवर पाहता येते. रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, अशी राज्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. आपल्या गावातील किती रुग्णालयांत ती दिसते, हे वाचकांनीच मोजावे.

परंतु खरी माहिती याहून मोठ्या कपाटात बंद आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेली जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना लागू आहे. तिच्याखाली झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची मंजुरी, बिल आणि कागदपत्रे शासनाकडे जातात. कोणत्या रुग्णालयाने वर्षात पित्ताशयाच्या किती शस्त्रक्रिया केल्या, किती रोगी महिन्याभरात पुन्हा दाखल झाले, किती दगावले, हे त्या कागदांतून काढता येण्यासारखे आहे. पैसा जनतेचा आहे. मग सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता तरी असा वार्षिक तक्ता जनतेपुढे ठेवण्यास हरकत कोणाची असावी? हरकत येईल, हे मला ठाऊक आहे, आणि तीत तथ्यही आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी हृदयशस्त्रक्रियेतील मृत्यूंचे आकडे रुग्णालयवार प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, तेव्हा आकडा बिघडू नये म्हणून काही शल्यविशारद गंभीर रोगी घेण्याचे टाळू लागल्याची तक्रार झाली. तेथे रोग्याच्या मूळ प्रकृतीचा हिशोब धरून आकडे मांडतात. आपल्यालाही ते करावे लागेल. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात शेवटच्या घटकेला आणलेला रोगी आणि खाजगी रुग्णालयात स्वतः चालत गेलेला रोगी यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. काम किचकट आहे. पण ज्या शासनाला वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाइलीत सात सह्या आणि एक मूळ पावती बरोबर मागता येते, त्याला ते अशक्य आहे असे मी मानीत नाही.

पित्ताशयाचे खडे असताना शस्त्रक्रिया नको म्हणणारे डॉक्टर किती, हे मात्र त्या तक्त्यातही दिसणार नाही. न केलेल्या शस्त्रक्रियेचे बिल होत नसते.

परवा भाचा गावी आला होता. मी त्याच्याकडून मोबाइलवर लिहिण्याची रीत समजून घेतली आणि साताऱ्याच्या त्या डॉक्टरांच्या नावाखाली, चष्मा सावरीत, एक वाक्य लिहिले : ‘माझ्या बहिणीला शस्त्रक्रियेची गरज नाही, असे यांनी सांगितले.’ पाच तारे दाबले. भाच्याने ते वाचले, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘मामा, हे वाचून त्यांच्याकडे जाईल का कोणी?’’